ज्याला वाली त्यालाच निधी : युरोपच्या सामायिक बजेटवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ब्रुसेल्समधल्या ट्रॅक्टर मोर्च्याचा छोटा मजकूर छापला होता. युरोपियन युनियनच्या सामायिक बजेटमधला शेतीचा वाटा कमी होईल या भीतीनं युरोपातले कास्तकार रस्त्यावर उतरले, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलं. सारखे प्रश्न होते ते एकत्र केले. आकडे युरोमध्ये आहेत, ढोबळ हिशोबाला एका युरोचे शंभर रुपये धरून चाला.

भाऊ, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुस्तकात लिहून आहे का युरोपियन युनियनचं बजेट सात वर्षांचं राहते. आपल्याकडं तर दरवर्षी एक फेब्रुवारीले बजेट येते. मंग हे सात वर्षांचं कसं काय? आणि २७ देशांचं एकच बजेट, म्हणजे त्यायचे स्वतःचे बजेट बंद का?
(विद्यार्थी, ता. अचलपूर)

बंद नाही. पगार, पेन्शन, दवाखाने, शाळा, पोलीस हे सगळं ज्याचं त्याचं, प्रत्येक देश आपापल्या बजेटमधून करतो. सामायिक बजेट त्याच्यापुढं लहान आहे, २७ देशांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण एक टक्का. २०२५ साली ते १९,९४० कोटी युरोच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या हिशोबानं वीस लाख कोटी रुपये, आणि आपल्या केंद्राचं २०२५-२६ चं बजेट होतं ५० लाख ६५ हजार कोटींचं. म्हणजे २७ देशांची सामायिक पेटी आपल्या दिल्लीच्या पेटीच्या निम्म्याहूनही लहान. हे डोक्यात ठेवलं की पुढची सगळी भांडणं समजतात, पेटी लहान आहे आणि हात जास्त आहेत.

आता सात वर्षांचं. वार्षिक बजेट तिथंही असतंच, पण त्याच्या आधी सात वर्षांची एक चौकट ठरते, कोणत्या खात्यावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा याची वरची रेघ. दरवर्षीचं बजेट त्या रेघेच्या आतच बसवावं लागतं. पहिली चौकट १९८८ ते १९९२ अशी पाच वर्षांची होती, १९९३ पासून सात वर्षांची झाली. ती आणली कारण त्याआधी दरवर्षी नुसता तमाशा व्हायचा, युरोपियन पार्लमेंटनं १९८० चं आणि १९८५ चं बजेट सरळ फेटाळून लावलं होतं. आताची चौकट २०२१ ते २०२७ ची आहे, २०१८ च्या किमतीत १,०७,४३० कोटी युरोची. शिवाय एक गोष्ट आपल्यापेक्षा एकदम वेगळी, या बजेटमध्ये तूट ठेवता येत नाही, जमा तेवढाच खर्च. नवीन वर्ष लागलं आणि बजेट मंजूर नसलं तर काम थांबत नाही, दर महिन्याला बाराव्या हिश्श्याइतका खर्च करायची सोय आहे.

परीक्षेसाठी लक्षात ठेवायचं ते इतकंच की सात वर्षांच्या चौकटीला सगळ्या देशांची एकमतानं मंजुरी आणि पार्लमेंटची संमती दोन्ही लागतात, वार्षिक बजेटला मात्र देशांचं विशेष बहुमत चालतं.

तिकडं म्हणे अर्धं बजेट शेतकऱ्यायले देतात. आमच्या इकडं पऱ्हाटी लावा, फवारा मारा, वेचाई द्या, आणि भावाच्या वेळी तोंड पाहत बसा. युरोपात कापूस पिकते का? पिकत असन तर त्यायले काय भेटते ते सविस्तर सांगा.
(कास्तकार, ता. वणी)

अर्धं नाही, पण एकेकाळी त्याहून जास्त होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सामायिक बजेटचा दोन तृतीयांशाच्या आसपास पैसा एकट्या शेतीवर जात होता. कृषी धोरण १९६२ पासून सुरू झालं, ते ठरवणाऱ्या पिढीनं युद्धातली उपासमार पाहिली होती, त्यामुळे अन्न पिकलं पाहिजे ही त्यांची पहिली गरज होती आणि त्यांनी पैसाही तिथंच टाकला. भाव बांधून दिले, उरलेला माल सरकारी पैशानं विकत घेतला, मग लोण्यानं आणि दूध पावडरनं गोदामं भरली आणि १९८४ ला दुधावर कोटा बसवायची वेळ आली, तो कोटा थेट २०१५ ला उठला. मधल्या काळात, विशेषतः २००३ च्या सुधारणेनंतर, पैसा पोत्यावर न देता हेक्टरवर द्यायचा असं ठरलं. आता २०२१ ते २०२७ साठी शेतीला ३८,७०० कोटी युरो आहेत, एकूण चौकटीच्या एक तृतीयांशाच्या जवळपास.

कापूस पिकतो. मुख्य ग्रीसमध्ये, त्याच्या खालोखाल स्पेनमध्ये, थोडासा बल्गेरियात. ग्रीसमधलं थेसलीचं सपाट मैदान, लारिसा आणि कार्दित्सा हे भाग, तिथं आपल्यासारखीच लांबच लांब पऱ्हाटी दिसते, फक्त वेचणी मशीननं होते आणि वाण बीटी नाही, कारण युरोपात बीटी कापसाच्या लागवडीला परवानगीच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळात हेच मैदान पाण्याखाली गेलं, उभा कापूस हातचा गेला. ते फोटो पाहिले तेव्हा आपल्याकडचा ऑक्टोबरचा पाऊस आणि काळी पडलेली बोंडं आठवल्याशिवाय राहिली नाहीत.

त्यांना काय भेटतं ते आता पाहा. ग्रीस १९८१ मध्ये युरोपियन समुदायात (आजच्या युनियनचं तेव्हाचं रूप) आला तेव्हा त्यानं प्रवेशाच्या करारालाच कापसाची एक पुरवणी जोडून घेतली. तेव्हापासून कापसाला वेगळी मदत आहे, आज ती हेक्टरी रक्कम म्हणून मिळते. किती क्षेत्रापर्यंत मिळणार तेही नियमात लिहून आहे, ग्रीसला अडीच लाख हेक्टर, स्पेनला ४८ हजार हेक्टर. लागवड त्याच्या वर गेली की हेक्टरी रक्कम त्या प्रमाणात कमी होते, म्हणजे बजेट फुटत नाही आणि कास्तकाराला पेरणीच्या आधीच माहीत असतं की आपल्याला साधारण काय मिळणार. आता आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं क्षेत्र ग्रीसच्या त्या अडीच लाखांहून मोठं आहे. इतक्याशा क्षेत्रासाठी एका छोट्या देशानं करारात ओळ लिहून घेतली आणि ती चाळीस वर्षांनंतरही पुसली गेली नाही. युरोपात कच्च्या कापसावर आयात कर नाही, बाहेरचा माल मोकळा येतो, तरी ग्रीसच्या कास्तकाराची हेक्टरी रक्कम शाबूत राहते. आपल्याकडं १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचा ११ टक्के आयात कर आधी सप्टेंबरअखेरपर्यंत उठवला आणि मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली तेव्हा पऱ्हाटी शेतात उभी होती, आणि पेरणी करताना कोणालाच याची कल्पना नव्हती. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर होता हे खरं, पण तो हातात पडायला खरेदी केंद्र वेळेवर उघडावं लागतं, ओलाव्यात माल बसावा लागतो, नोंदणी व्हावी लागते. मला फरक इथं दिसतो, तिथं रक्कम मोठी आहे म्हणून नाही तर ती आधीच लिहून ठेवली आहे म्हणून कास्तकाराला धीर आहे.

पण तिथलं सगळं गोड आहे असं समजू नका. हेक्टरवर पैसा म्हटलं की ज्याच्याकडं जमीन जास्त त्याला पैसा जास्त, थेट मदतीतला साधारण ८० टक्के पैसा २० टक्के लाभार्थ्यांकडं जातो हे तिथलं जुनं दुखणं आहे. आपल्याकडच्या पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाचे बारा हजार दोन एकरवाल्यालाही तेवढेच आणि वीस एकरवाल्यालाही तेवढेच. त्या दुखण्यावर त्यांनी २०२३ पासून जे केलं ते लक्ष देण्यासारखं आहे. थेट मदतीतला किमान १० टक्के पैसा लहान-मध्यम शेतकऱ्यांकडं वळवायचा, किमान ३ टक्के तरुण शेतकऱ्यांसाठी, किमान २५ टक्के जमीन-पाणी जपणाऱ्या पद्धतींसाठी. यातल्या "किमान" वर बोट ठेवा, पुढच्या उत्तरात त्याचं काम आहे.

आमच्या ग्रामपंचायतीत नऊ मेंबर आहेत तरी आराखडा बनवताना एकमत होत नाही. प्रत्येकाले आपल्या वॉर्डात सिमेंट रोड पाहिजे. २७ देशांचे प्रधानमंत्री एका टेबलवर बसून कसे काय ठरवतात हो? कोणाचं ऐकून घेतात?
(महिला सरपंच, ता. चांदूर रेल्वे)

ताई, तिथंही तेच होतं, आणि सगळ्यात मोठं उदाहरण कोरोनाच्या वर्षातलं आहे. ते जरा सविस्तर सांगतो कारण मला स्वतःला त्यातून जेवढं समजलं तेवढं कुठल्या पुस्तकातून समजलं नव्हतं.

२०२० चा जुलै महिना. पुढच्या सात वर्षांची चौकट ठरवायची होती आणि वरून कोरोनातून सावरायला ७५ हजार कोटी युरोचा वेगळा निधी, तोही सगळ्यांनी मिळून कर्ज काढून उभा करायचा, असं याआधी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कधी झालं नव्हतं. आयोगाचा, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या आणि प्रस्ताव मांडणाऱ्या युरोपियन कमिशनचा, प्रस्ताव होता की यातले ५० हजार कोटी अनुदान म्हणून द्यायचे आणि २५ हजार कोटी कर्ज म्हणून. इटली-स्पेनसारखे जास्त मार खाल्लेले देश म्हणत होते अनुदानच पाहिजे, आणि नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क हे चार देश हात आखडून बसले की आमच्या करदात्यांचा पैसा असा वाटता येणार नाही. प्रत्येकाला नकाराधिकार, म्हणजे एकानं जरी नाही म्हटलं तरी सगळं अडतं. १७ जुलैला शुक्रवारी बसले ते २१ तारखेच्या पहाटे उठले. अनुदान ५० वरून ३९ हजार कोटींवर आलं आणि कर्ज ३६ हजार कोटींवर गेलं. अकरा हजार कोटी कापले गेले.

आता कापले ते कुठून कापले हे पाहा, सगळी गोष्ट इथंच आहे. देशादेशाला वाटून द्यायचा जो भाग होता तो ३१ हजार कोटींचा होता, त्याला कात्री लागलीच नाही, उलट तो ३१,२५० कोटी झाला, कारण प्रत्येक प्रधानमंत्र्याला घरी जाऊन सांगायचं होतं की मी इतके आणले. हात आखडणाऱ्या देशांना वर्गणीतली सूट वाढवून मिळाली. आणि जे सगळ्यांचं सामायिक होतं त्यावर कुऱ्हाड चालली. संशोधनाची वाढीव रक्कम कमी झाली, कोळशावर जगणाऱ्या भागांना दुसऱ्या रोजगाराकडं नेण्याचा निधी निम्म्याच्याही खाली आला, आणि ९४० कोटी युरोचा सामायिक आरोग्य कार्यक्रम १७० कोटींवर आणला. महामारी चालू असताना आरोग्याचा पैसा कापला. ते लोक निर्दय होते म्हणून नाही, त्या टेबलावर आरोग्य कार्यक्रमाचा प्रधानमंत्री कोणीच नव्हता म्हणून. पुढं पार्लमेंटनं संमती अडवून धरली, नोव्हेंबरमध्ये १,६०० कोटी जास्तीचे काढून घेतले आणि त्यातले ३४० कोटी आरोग्याला लावले, तेव्हा तो कार्यक्रम ५१० कोटींवर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या मदतीसाठी आणि इतर नव्या गरजांसाठी चौकट पुन्हा उघडली तर त्याच आरोग्यातून परत १०० कोटी काढले.

तुमच्या वॉर्डातल्या सिमेंट रोडला मेंबर आहे ताई, त्याच्यासाठी तो मेंबर रात्री बारापर्यंत बसून राहील. पाण्याच्या टाकीची सफाई, विहिरीच्या पाण्याची तपासणी, अंगणवाडीचा संडास, स्मशानाचा रस्ता, शाळेमागची नाली, हे सगळ्या गावाचं आहे म्हणून त्याला मेंबर नाही. याला एकमत हा उपायच नाही, एकमतानंही हेच कापलं जातं हे वर पाहिलंच. उपाय तो "किमान" शब्द आहे. वाटणीला बसायच्या आधीच ठराव घ्यायचा की सामायिक कामांना इतके टक्के आधी बाजूला, उरलेल्यात भांडा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी हेच केलं होतं, गावाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवला, ४० टक्के मोकळा सोडला. बऱ्याच सरपंचांना ते बंधन जाचक वाटलं, मी कितीतरी जणांकडून ते ऐकलं आहे, पण ते बंधन नसतं तर त्या साठातले किती टाकीपर्यंत पोहोचले असते ते तुम्ही मला सांगा. तुमच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या पैशाला, घरपट्टी-पाणीपट्टीला, असाच एक ठराव ग्रामसभेत घ्या आणि तो आराखड्याच्या बैठकीच्या आधीच्या ग्रामसभेत घ्या. बैठकीच्या दिवशी घेतला तर कोणी ऐकणार नाही.

एवढा पैसा आणतात कुठून? युरोपचा वेगळा इन्कम टॅक्स आहे का?
(किराणा दुकानदार, ता. पुसद)

नाही. बाहेरून येणाऱ्या मालावरचा सीमाशुल्क हा युनियनचा, पण तो गोळा करणारा देश त्यातले २५ टक्के खर्चापोटी ठेवून घेतो. हा हिस्सा आधी २० टक्के होता, तोही त्या २०२० च्या सौद्यातच वाढला, रॉटरडॅमसारखं मोठं बंदर असलेल्या नेदरलँड्सला त्याचा चांगलाच फायदा. मग व्हॅटचा छोटा हिस्सा. २०२१ पासून रीसायकल न झालेल्या प्लास्टिक पॅकेजिंगवर किलोमागं ८० सेंट, ते देशानं भरायचे. उरलेला सगळ्यात मोठा भाग, दोन तृतीयांशाच्या आसपास, प्रत्येक देशाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी. त्या वर्गणीवरूनच "आम्ही दिलं किती आणि आम्हाला आलं किती" हा हिशोब निघतो. १९८४ ला ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांनी या हिशोबावर अडून बसून मोठी सूट मिळवली होती, आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला तोही हाच हिशोब सांगत. माझ्या मते हा हिशोबच अपुरा आहे. पोलंडमध्ये युरोपच्या पैशातून रस्ता झाला तर त्यावर जर्मनीचे ट्रक आणि जर्मनीची मशीनही धावतात, ते त्या वजाबाकीत कुठं दिसत नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे. दांडेकर समिती, अनुशेष, वैधानिक मंडळ हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. अनुशेष काही भरला नाही. युरोपात मागासलेल्या भागाचा वाटा कोण ठरवतं आणि तो दुसरीकडं पळवला जात नाही का?
(वाचक, जि. बुलडाणा)

गुरुजी, तुम्ही ज्या गोष्टी पाहिल्या त्या नव्या पिढीसाठी दोन ओळींत सांगतो. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं राज्याच्या सरासरीशी तुलना करून कोणता जिल्हा रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यात किती मागं आहे ते मोजलं आणि १९८४ ला ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला, त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास होता. पुढं घटनेच्या कलम ३७१(२) प्रमाणे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली आणि निधीच्या समन्यायी वाटपासाठी राज्यपालांचे निर्देश आले.

युरोपात मोजमापाचा नियम असा आहे. देश नाही, प्रदेश मोजतात, आणि एक प्रदेश म्हणजे साधारण आठ लाख ते तीस लाख लोकसंख्या, म्हणजे आपल्या अमरावती किंवा यवतमाळ जिल्ह्याएवढा. त्या प्रदेशाचं माणशी उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर तो कमी विकसित. आकडे युरोस्टॅट ही एकच संस्था काढते, एका वर्षाचे नाही, तीन वर्षांची सरासरी घेतात. मग कमी विकसित प्रदेशातल्या कामाला युरोप ८५ टक्क्यांपर्यंत पैसा देतो, श्रीमंत प्रदेशाला निम्म्याच्या आसपास किंवा कमी, उरलेला त्यांनी स्वतः टाकायचा. या सगळ्याला मिळून संयोग धोरण म्हणतात आणि शेतीएवढाच, एक तृतीयांशाच्या जवळपास पैसा त्यात जातो.

पळवापळवीचं तुम्ही विचारलं. त्यावर त्यांच्याकडं दोन कुलपं आहेत. एक म्हणजे युरोपचा पैसा आला म्हणून देशानं स्वतःचा खर्च काढून घ्यायचा नाही, तो वरचा पैसा आहे, बदल्यातला नाही, हे तत्त्व १९८८ मध्ये आलं. आपल्याकडं वेगळा निधी आला की नेहमीच्या योजनेतून तेवढंच हळूच कमी झालं, ही तक्रार आपण नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दरवर्षी ऐकतो. दुसरं कुलूप वेळेचं. एखाद्या वर्षासाठी बांधलेला पैसा त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेरपर्यंत खर्चून बिल सादर केलं नाही तर तो परत जातो. यानं कामाची घाई लागते हे खरं आणि घाईत वाईट कामंही होतात, तरी तीन वर्षांची मुदत ही आपल्या ३१ मार्चच्या रात्रीपेक्षा कितीतरी बरी. जिल्हा नियोजनचा पैसा फेब्रुवारीत हाती पडतो आणि मार्चमध्ये संपवायचा असतो, मग ज्याचं अंदाजपत्रक तयार तेच काम होतं, गरजेचं नाही. हे माझ्याच तालुक्यात मी पाहत आलो आहे, नाल्याच्या पुलाची मागणी जुनी पण अंदाजपत्रक नाही म्हणून मार्चमध्ये सभामंडप झाला, आणि पावसाळ्यात पोरं गुडघाभर पाण्यातून शाळेत जातात ती अजूनही तशीच जातात.

आपली मंडळं मात्र ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून बंद पडली. मंडळांकडून फार झालं नाही असं म्हणणारे आहेत, पण दरवर्षी विदर्भाचा आकडा मोजून कागदावर ठेवणारी एक जागा तरी होती. कोणी मोजलंच नाही तर भांडणार कशावर? माझं मत विचाराल तर मंडळाच्या आधी मोजणी सुरू व्हावी, जिल्हावार नाही तर तालुकावार, कारण नागपूर शहराच्या सरासरीत उमरेड-भिवापूरचं दुखणं झाकलं जातं, आणि अमरावतीच्या सरासरीत मेळघाट.

पैसा खाल्ला तर तिकडं काय करतात?
(वाचक, ता. आर्वी)

लक्झेंबर्गमध्ये युरोपचं लेखापरीक्षण न्यायालय आहे, १९७७ पासून काम करतं आणि दरवर्षी अहवाल छापतं. २०२३ च्या खर्चात नियमाबाहेरचा खर्च ५.६ टक्के निघाला असं त्यांनी स्वतः लिहिलं. हा सगळा भ्रष्टाचार नसतो, अपात्र लाभार्थी, टेंडरमधल्या चुका असंही त्यात येतं. देशच कायदा पाळत नसेल तर निधी रोखायचा नियमही २०२१ पासून लागू आहे, त्याखाली डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे ६३० कोटी युरो रोखून धरले.

मागच्या अंकातला मोर्चा नेमका कशासाठी होता? आता काय ठरलं?
(बऱ्याच वाचकांचा प्रश्न)

१६ जुलै २०२५ ला आयोगानं २०२८ ते २०३४ चा प्रस्ताव मांडला, जवळपास दोन लाख कोटी युरोचा, उत्पन्नाच्या १.२६ टक्के. रक्कम वाढली तरी मोर्चा निघाला, कारण रचना बदलली. आतापर्यंत शेतीचा आणि मागास प्रदेशांचा पैसा वेगवेगळ्या खात्यांत होता, आता दोन्ही मिळून प्रत्येक देशाला एकच योजना, सगळ्या देशांची मिळून साधारण ८६,५०० कोटींची, आणि तिच्यात शेतकऱ्यांच्या उत्पन्नासाठी किमान ३० हजार कोटी राखून ठेवलेले. दुसरीकडं उद्योगांची स्पर्धाक्षमता, संशोधन, संरक्षण यासाठी ४१ हजार कोटींच्या आसपासचा नवा निधी. वरून कोरोनाच्या वेळी काढलेल्या कर्जाची मुद्दल फेडायला २०२८ पासूनच सुरुवात आहे, ती २०५८ पर्यंत चालणार. कास्तकारांचं म्हणणं असं की आज ३८,७०० कोटी आमच्या नावावर आहेत, उद्या त्यातले ३० हजारच पक्के आणि बाकीच्यासाठी आम्ही आपल्याच देशात रेल्वेवाल्यांशी आणि महानगरांशी भांडायचं का.

मला त्यांचं म्हणणं पटतं. वेगळं खातं असलं की वाटा दिसतो, एकत्र केलं की "लवचिकता" आली म्हणतात पण ती कोणाच्या बाजूनं वळते ते ज्याचा आवाज मोठा त्याच्यावर ठरतं. खेड्याचा आवाज ब्रुसेल्समध्येही लहानच आहे. दबाव आल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगानं थोडी माघार घेतली आणि त्या योजनेतला किमान १० टक्के पैसा ग्रामीण भागासाठी ठेवायची तयारी दाखवली. पुन्हा तोच शब्द, किमान. अंतिम आकडा २७ देशांच्या एकमतानं आणि पार्लमेंटच्या संमतीनंच ठरणार, आणि चौकट १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हायची आहे. तोवर काहीच ठरलं नाही तर जुन्या चौकटीच्या शेवटच्या वर्षाच्या मर्यादा पुढं चालू राहतात.

युरोपात कोणाले किती पैसा भेटला हे साध्या माणसाले पाहाता येते का? आपल्याकडं तर ग्रामसेवकाले विचारलं का राग येते.
(तरुण वाचक, ता. सिंदेवाही)

येतं. शेतीची मदत कोणाला किती मिळाली ही यादी प्रत्येक देशाला इंटरनेटवर टाकावीच लागते, फक्त अगदी लहान रकमेच्या लाभार्थ्यांचं नाव झाकतात. युरोपच्या पैशातून काम झालं तर तिथं युनियनचा झेंडा आणि निधी कोणाचा ते लिहिलेली पाटी लावावी लागते.

आपल्याकडंही पाहता येतं, रागाची गरज नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा, मोबाईलवरही चालतं, महाराष्ट्र, मग चंद्रपूर जिल्हा, तुमचा तालुका, तुमची ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडा. मंजूर आराखडा वेगळा दिसेल आणि झालेला खर्च वेगळा दिसेल, दोन्ही शेजारी ठेवा. आराखड्यात असलेलं पण खर्चात नसलेलं काम आणि खर्चात असलेलं पण गावात न दिसणारं काम, दोन्हीची यादी कागदावर उतरवा, सोबत दोन-चार जणांच्या सह्या घ्या, आणि ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. तोंडी विचारलेलं इतिवृत्तात येत नाही, लेखी दिलेल्यावर चर्चा घ्यावी लागते.